सखूच्या अनियमित माजाची वही: लालबागमधील आठ महिन्यांच्या नोंदी

6 जानेवारी 2024

सखू आमच्याकडे डिसेंबरच्या मध्यावर आली. शेजारच्या विंगचा पुनर्विकास सुरू झाला आणि तिथले कुटुंब भाड्याच्या घरात डोंबिवलीला गेले. नव्या घरमालकाला मांजर चालणार नव्हते, म्हणून ते तिला आमच्या स्वाधीन करून गेले. जाताना त्यांनी लसीचे कार्ड दिले आणि "हिचं ऑपरेशन झालेलं आहे, तुम्हाला काही त्रास नाही" असे सांगितले. ते वाक्य मी जसेच्या तसे स्वीकारले, आणि या वहीतल्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

काल रात्री दीडच्या सुमारास सखू घसा फुटेल अशा आवाजात ओरडू लागली. ती जमिनीवर लोळत होती, अंग पिळत होती, पुढचे पाय टेकून मागचा भाग वर उचलत होती. पोटात काही फुटले असावे असे समजून मी आणि माझ्या पतींनी तिला पेटीत घातले आणि टॅक्सी केली. मांजर आजारी आहे हे कळताच चालकाने आपणहून गाडी परळच्या बैलघोडा हॉस्पिटलच्या दिशेने वळवली होती, परंतु मी आधीच दादरच्या एका दवाखान्यात फोन केला होता, म्हणून आम्ही तिकडे गेलो. डॉक्टरीणबाईंनी सखूच्या शेपटीच्या बुडाशी दोन बोटे ठेवली. सखूने लगेच शेपटी एका बाजूला घेतली आणि मागचे पाय जागच्या जागी आपटू लागली. ताप नव्हता, पोट मऊ होते. ही भाटी माजावर आहे, एवढेच निदान झाले. रात्रीची फी आणि टॅक्सी मिळून 1,600 रुपये गेले.

डॉक्टरांनी पोटावरचे थोडे केस कापून व्रण शोधला. व्रण नव्हता. रस्त्यावरच्या मांजरांची नसबंदी केल्यावर कानाचे टोक कापतात, तशी खूणही नव्हती. दातांवरून वय पाच वर्षांच्या आसपास धरले. म्हणजे ऑपरेशन झालेलेच नाही, असे माझ्या मनाशी ठरले. मग त्या कुटुंबाने तसे का सांगितले असावे, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता. त्यांचे घर नुकतेच मोडले होते आणि मांजर सोडताना त्यांच्या मुलाने केलेला आक्रोश मी पाहिला होता. अशा वेळी त्यांना फोन करून जाब विचारल्यासारखे होईल, या संकोचाने मी गप्प राहिले.

14 जानेवारी

सखू 12 तारखेला शांत झाली. डॉक्टरांनी सांगितलेले मोजमाप इथे लिहून ठेवते, कारण पुढची सगळी तुलना त्याच्याशीच करायची आहे. माज साधारण आठवडाभर टिकतो, पण दोन-तीन दिवसांत आटोपणारा किंवा दोन आठवडे लांबणाराही असतो. बोक्याशी संबंध आला नाही, तर साधारण एक ते दोन आठवड्यांच्या विश्रांतीनंतर माज पुन्हा येतो. मांजरीचे स्त्रीबीज आपोआप ठरल्या दिवशी बाहेर पडत नाही. बहुतेक वेळा ते समागमानंतरच बाहेर पडते. म्हणून तिचे चक्र गाय किंवा कुत्रीच्या चक्रासारखे पक्क्या तारखांत बसत नाही. मांजरीला माजात रक्त जात नाही; रक्त दिसले तर त्याला माज न समजता तपासणी करून घ्यायची.

ऑपरेशन करायचे हे आमचे ठरलेलेच होते. "चक्र एकदा नीट लक्षात येऊ द्या, मग माज नसतानाचा दिवस धरू," असे डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा अर्थ एक-दोन चक्रे पाहू, असा होता. मी मात्र चक्र नियमित होईपर्यंत थांबायचे, असा घेतला.

4 फेब्रुवारी

पहिली वही फेकून दिली. तिच्यात मी फक्त "ओरडली" किंवा "ओरडली नाही" एवढेच लिहीत होते. 27 जानेवारीच्या रात्री ओरडणे ऐकू आले म्हणून दुसरा माज 27 पासून धरला. नंतर सासूबाई सहज म्हणाल्या, "ती गुरुवारपासूनच लोळतेय, माझ्या पायाला सारखी डोकं घासतेय." गुरुवार म्हणजे 25 तारीख. आम्ही दोघे कामावर आणि मुलगी क्लासला असते, त्यामुळे दिवसा सखूजवळ फक्त सासूबाई असतात, आणि नेमके त्यांनाच मी काही विचारले नव्हते.

आता नोंद भिंतीवरच्या कालनिर्णयवर सासूबाईच करतात. त्यांनी स्वतःच खुणा ठरवल्या आहेत. लोळणे आणि घासणे याला एक रेघ, शेपटी बाजूला घेणे याला दोन रेघा, ओरडण्याला फुली, दाराजवळ लघवीची फवारणी केली तर गोल. अन्न कमी खाल्ले तर तेही लिहितात. रोज सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा वाजता पाहायचे, कारण वेळ पक्की नसली की माणूस फक्त त्रासाचे दिवस लिहितो आणि शांत दिवस गाळतो. या पद्धतीने मागचा माज 25 ते 29 जानेवारी ठरला. पहिला माज 12 तारखेला संपला होता, म्हणजे मधले अंतर तेरा दिवसांचे. माझ्या वहीत ते पंधरा दिवसांचे दिसत होते.

दोन दिवसांचा हा फरक किरकोळ वाटेल, पण चक्र अनियमित आहे की नोंद अनियमित आहे हे आधी वेगळे करता आले पाहिजे.

18 फेब्रुवारी

तिसरा माज 11 तारखेला सुरू झाला आणि अजून चालू आहे. चाळीत रात्री आवाज फार घुमतो. तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे तान्हे बाळ आहे, त्यांच्याकडे मी जाऊन क्षमा मागितली.

समोरच्या काकूंनी गोळ्यांची एक पट्टी आणून दिली. त्यांच्या बहिणीच्या मांजरीला आठवड्याला एक गोळी देऊन माज थांबला होता. मी गोळी दिली नाही, डॉक्टरांना फोटो पाठवला. त्यांनी ताबडतोब फोन केला. त्या गोळीत प्रोजेस्टेरॉनसारखे (गाभणपण टिकवणाऱ्या हार्मोनसारखे) काम करणारे औषध होते. अशा औषधाने माज थांबतो हे खरे, पण गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते, त्यात पू साठण्याचा धोका वाढतो, स्तनग्रंथी अचानक सुजू शकतात, मधुमेह होऊ शकतो. दीर्घकाळ दिल्यास स्तनांच्या गाठींचा धोकाही वाढतो. मी काकूंना पट्टी परत करताना हे सगळे सांगितले. त्यांनी वाईट वाटून घेतले नाही, उलट बहिणीला फोन लावून दिला.

घरात कोणी हार्मोनचे मलम किंवा जेल अंगाला लावते का, हेही डॉक्टरांनी विचारले. माणसाच्या कातडीवरचे इस्ट्रोजेनचे मलम मांजराने चाटले किंवा ते अंगाला लागले, तर माजासारखी लक्षणे दिसू शकतात. आमच्याकडे तसे काही नाही.

1 मार्च

20 फेब्रुवारीला माज संपला असे लिहिले, आणि 24 ला दोन रेघा पुन्हा सुरू झाल्या. मध्ये अवघे चार दिवस. काल, 29 तारखेला ती शांत झाली. हा नवा माज धरायचा की आधीचाच लांबलेला, यावर घरात वाद झाला. डॉक्टरांनी सांगितले की अंडाशयात पुटके (ज्यांत स्त्रीबीज वाढते त्या बारीक पिशव्या) लाटेसारखी वाढतात. कधीकधी पहिली लाट ओसरण्याआधीच दुसरी येते आणि बाहेरून पाहणाऱ्याला एकच लांब माज दिसतो. म्हणून दोन्ही तारखा वेगवेगळ्या लिहा, निष्कर्ष काढू नका.

प्रकाशाचाही विषय निघाला. दिवस मोठा झाला की मांजरी माजावर येतात, म्हणून थंड देशांत हिवाळ्यात त्यांचे चक्र थांबते. मुंबईत सर्वांत लहान दिवसही सुमारे 11 तासांचा असतो आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा, त्यामुळे इथे ऋतूचा लगाम मुळातच सैल असतो. त्यात आमच्याकडे बारावीची परीक्षा सुरू आहे. मुलगी रात्री दोनपर्यंत वाचत बसते आणि पहाटे सासूबाईंचा दिवा लागतो. सखूसाठी गेले दोन महिने दिवस वीस-एकवीस तासांचा आहे.

27 मार्च

प्रकाश कमी करण्याचा प्रयोग आज बंद केला. 2 मार्चपासून आतल्या खोलीच्या खिडकीला जाड काळे कापड शिवून लावले होते, दिव्याला टायमर बसवला होता आणि सखूला संध्याकाळी सात ते सकाळी सात आत ठेवत होतो. कापड, शिलाई आणि टायमर मिळून 1,380 रुपये खर्च झाला.

हा प्रयोग तीन कारणांनी फसला. दाराच्या वरच्या झडपेतून गॅलरीतल्या ट्यूबलाइटचा उजेड आत येतो, आणि ती ट्यूब सामाईक असल्यामुळे बंद करता येत नाही. दुसरे म्हणजे बारा तास कोंडल्यावर सखूने सासूबाईंच्या गोधडीवर लघवी केली आणि दार खरवडून पुढच्या पंजाचे नख तोडून घेतले. तिसरे कारण मोठे आहे. 19 तारखेला माज आला, म्हणजे मध्ये एकोणीस दिवसांचे अंतर पडले, पण ते अंधारामुळे पडले की पडायचेच होते, हे एका मांजरीवरून कधीच सांगता येणार नाही. ज्या प्रयोगाचे उत्तर मिळणारच नाही, त्यासाठी एका जिवाला कोंडून ठेवणे मला योग्य वाटत नाही. हा प्रयोग करू नये, असे मी स्पष्ट सांगेन.

11 एप्रिल

परवा पाडवा झाला, त्या गडबडीत आमचे लक्ष उडाले. 8 तारखेपासून सखू माजावर होती. आज दुपारी पाऊण वाजता सासूबाई पाणी भरायला गेल्या असताना खिडकीच्या जाळीचा खालचा कोपरा सोडवून ती बाहेर पडली. वीस मिनिटांनी गच्चीच्या जिन्यावर सापडली. एक मोठा पिवळा बोका तिथेच होता आणि तिच्या मानेवरचे केस ओले होते.

चूक जाळीची होती, म्हणजे जाळी निवडणाऱ्या माझी. जानेवारीत मी कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी 1,250 रुपयांत लावून घेतली होती. तिचे हुक वीतभर अंतरावर असतात आणि ती बाहेरून येणाऱ्या पाखराला अडवण्यासाठी असते. आतून नखांनी ओढणाऱ्या आणि बाहेरून चावणाऱ्या दोन मांजरांपुढे ती टिकत नाही. दोरे कुरतडलेले आता दिसत आहेत, आणि ते आजचे नाहीत.

17 एप्रिल

दोन्ही खिडक्यांना ॲल्युमिनियमच्या चौकटीत अर्ध्या इंचाची पोलादी जाळी बसवली. बाहेरच्या दाराला आतल्या बाजूने जाळीचे दुसरे दार केले. एकूण 4,600 रुपये. कारागिराला गॅलरी बंद करून हवी आहे असे वाटले होते, पण चाळीची गॅलरी सर्वांची असते. तिथे काही लावायचे तर सगळ्यांची संमती लागते आणि ती मागणेही मला बरोबर वाटत नाही. दोन दारे असली की एक लावल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही, हा नियम घरातल्या सर्वांनी पाळला तरच उपयोग होतो. हे काम जानेवारीतच केले असते, तर पुढचे दीड महिने काळजीत गेले नसते.

6 मे

सखू 12 एप्रिलला शांत झाली आणि त्यानंतर कालनिर्णयवर एकही रेघ नाही. भूक वाढली आहे, स्तनाग्रे किंचित गुलाबी दिसतात. गाभण असावी असे सर्वांनी गृहीत धरले होते. समागमाला आज पंचवीस दिवस झाले, आणि एवढ्या दिवसांत सोनोग्राफीत पिल्लांचे ठोके दिसायला हवेत. सोनोग्राफीला 1,800 रुपये लागले. पिल्ले नव्हती.

मग माज का थांबला, यासाठी रक्तातले प्रोजेस्टेरॉन तपासले (1,100 रुपये). ते वाढलेले आले. म्हणजे स्त्रीबीज बाहेर पडले आहे पण गर्भ राहिलेला नाही, आणि शरीर खोट्या गाभणपणात आहे. नुसत्या रक्ताच्या तपासणीवर विसंबलो असतो तर फसलो असतो, कारण खऱ्या आणि खोट्या गाभणपणात हे हार्मोन सारखेच वाढलेले असते. दोन्ही तपासण्या एकत्र पाहिल्यावरच अर्थ लागला.

हे त्या बोक्यामुळेच झाले का, असे मी विचारले. बहुधा तसेच, पण खात्री नाही, असे डॉक्टर म्हणाल्या. काही मांजरींत बोका जवळ नसतानाही स्त्रीबीज बाहेर पडते. माजावर असताना पाठीच्या शेवटच्या भागावर थोपटणे किंवा ब्रश फिरवणेही त्याला कारण ठरू शकते. सखू ओरडू लागली की सासूबाई मायेने तिला तिथेच थोपटत असत. त्यांना फार वाईट वाटले. मी त्यांना सांगितले की ज्यांच्या रेघांमुळे हे सगळे कळले, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. आता माजाच्या दिवसांत आम्ही फक्त तिच्या गालांवर हात फिरवतो.

खोटे गाभणपण साधारण सहा-सात आठवडे टिकते. ज्यांच्या मांजरीचे चक्र कधी पंधरा दिवसांचे, कधी दीड महिन्याचे दिसते, त्यांनी त्या लांब अंतराआधीच्या माजात काय घडले, हे आधी आठवून पाहावे.

इथेच ऑपरेशन उरकून घ्यायला हवे होते, माज नव्हताच. "खोटं गाभणपण ओसरू द्या, दूध उतरायला नको," असा सल्ला आम्हाला मिळाला आणि तो वैद्यकीयदृष्ट्या रास्त होता. पण त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

28 मे

सकाळी आठच्या नोंदीत दोन रेघा. समागमानंतर बरोबर सत्तेचाळीस दिवस.

9 जून

आज पाऊस सुरू झाला. माजाचा तेरावा दिवस आहे आणि उतार नाही. सखूचे वजन 3.6 किलोवरून 3.3 वर आले आहे. ती रात्रभर फिरते, खात नाही, आणि तिच्या डोळ्यांतला थकवा पाहवत नाही.

योनीमार्गातून कापसाच्या बारीक काडीने नमुना घेऊन काचपट्टीवर पाहिला (500 रुपये). इस्ट्रोजेन जास्त असले की तिथल्या पेशी चपट्या आणि कडक होतात, आणि जवळपास सगळ्या पेशी तशाच होत्या. म्हणजे हे ओरडणे दुखण्याचे किंवा सवयीचे नसून अंडाशय खरोखर काम करत आहे. ही तपासणी घरी करण्याच्या फंदात कोणी पडू नये. काडीच्या स्पर्शानेही स्त्रीबीज बाहेर पडून चक्र पुन्हा बदलू शकते. दुसऱ्या सोनोग्राफीत (पुन्हा 1,800) डाव्या अंडाशयावर पाण्याने भरलेली पिशवी दिसली.

मग डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला. "ताई, हिला आधी कधी माज थांबवायचं इंजेक्शन दिलं होतं का?"

10 जून

डोंबिवलीला फोन केला. वहिनींचा आवाज आपुलकीचा होता. त्यांनी आधी सखू जेवते का, हेच विचारले. मग मी ऑपरेशनचे विचारले.

"अहो, ऑपरेशन म्हणजे ते इंजेक्शनच. दर चार महिन्यांनी देत होतो, तीन वर्षं झाली. शेवटचं गेल्या गणपतीच्या आधी दिलं. त्यांनी सांगितलं होतं, हे ऑपरेशनसारखंच आहे, म्हणून आम्ही तसंच म्हणायचो."

त्यांच्या बोलण्यात फसवणूक नव्हती. कोणीतरी त्यांना तसे सांगितले आणि त्यांनी विश्वास ठेवला. लसीच्या कार्डाच्या शेवटच्या पानावर इंजेक्शनाच्या तारखाही होत्या. मी ते पान कधी उलटले नव्हते. मागच्या सप्टेंबरात दिलेल्या इंजेक्शनाचा अंमल डिसेंबर-जानेवारीत उतरला, आणि सखू आमच्याकडे आल्यावर माज सुरू झाला. फेब्रुवारीत काकूंची गोळी मी मोठ्या दक्षतेने परत केली होती. त्याच जातीचे औषध हिच्या शरीरात तीन वर्षे जात होते.

एका फोनने हे जानेवारीत कळले असते. मांजर दुसऱ्याकडून घेणाऱ्यांना माझी विनंती आहे की "ऑपरेशन झालंय का" असे विचारू नये. कुठे झाले, कधी झाले, टाके कोणी काढले आणि कोणती इंजेक्शने कधी दिली, हे विचारावे. ज्याने टाके पाहिलेच नाहीत, त्याला तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

डॉक्टरांनी ऐकताक्षणी सांगितले की आता चक्र नियमित होण्याची वाट पाहायची नाही. एवढी इंजेक्शने झाल्यावर गर्भाशयाचे अस्तर निरोगी असण्याची खात्री नाही.

26 जून

12 जूनला माज थांबला, 16 ला पुन्हा आला आणि काल संपला. माजात गर्भाशयाला आणि अंडाशयाला रक्तपुरवठा वाढलेला असतो, ऊती नाजूक होतात, त्यामुळे शस्त्रक्रियेत रक्तस्राव जास्त होऊ शकतो. करता येत नाही असे नाही, पण थांबणे शक्य असेल तर थांबतात. 9 जुलै ही तारीख धरली. त्याआधी माज आला तरी पुढे ढकलायचे नाही, असे ठरले.

30 जून

सखू दोन दिवस नेहमीपेक्षा जास्त पाणी पीत आहे, असे सासूबाईंनी लिहिले. माजानंतरच्या आठवड्यांत गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. पाणी जास्त पिणे, सुस्ती, उलटी, पोट फुगणे, शेपटीखाली घाण वास येणारा स्राव, ही त्याची लक्षणे आहेत, आणि गर्भाशयाचे तोंड बंद असेल तर स्राव दिसतही नाही. तपासणी आणि रक्त करून आणले (1,350 रुपये). पांढऱ्या पेशी नेहमीएवढ्याच आल्या, मूत्रपिंडाचे आकडेही ठीक होते. हेच रक्त शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीलाही चालले.

8 जुलै

रात्रभर पडलेल्या पावसाने परळ, दादर सगळीकडे पाणी भरले, लोकल थांबल्या. भूल देणारे डॉक्टर कल्याणहून येतात. उद्याची तारीख रद्द करावी लागली. नवी तारीख 16 जुलै.

मुंबईत जून ते ऑगस्टमध्ये अशी तारीख घेताना पहिल्याच दिवशी पर्यायी तारीखही मागून ठेवावी. आम्ही ती मागितली नव्हती.

16 जुलै

रात्री नऊनंतर अन्न बंद, सकाळपर्यंत पाणी दिले. साडेनऊला आत नेले. शस्त्रक्रियेला नेहमीपेक्षा जास्त वेळ, सव्वा तास लागला. डाव्या अंडाशयावर सुमारे दीड सेंटिमीटरची पिशवी होती. गर्भाशयाच्या दोन्ही शिंगांच्या भिंती जाड झालेल्या होत्या आणि आत थोडा गढूळ द्रव होता. पू नव्हता. दोन्ही अंडाशये आणि गर्भाशय पूर्ण काढले. डॉक्टरांनी मला दोन्ही अंडाशये ट्रेमध्ये दाखवली आणि ती अखंड निघाल्याचे कागदावर लिहून दिले, कारण अंडाशयाचा तुकडा आत राहिला तर पुढे पुन्हा माज येऊ शकतो. असा कागद प्रत्येकाने मागून घ्यावा.

शस्त्रक्रिया 7,500, अंडाशय आणि गर्भाशय प्रयोगशाळेत पाठवण्याचे 1,900, औषधे 640 रुपये.

19 जुलै

प्लास्टिकची गळपट्टी सखूने पहिल्याच रात्री मोरीच्या कठड्यावर आपटून काढली आणि दुसऱ्या रात्री एक टाका चाटला. सासूबाईंनी जुन्या सुती कापडाचे झबले शिवले. पुढच्या पायांना दोन भोके, पाठीवर चार नाड्या, आणि मागचा भाग शी-शूसाठी कापलेला. पहिले झबले सैल झाले आणि तिचा मागचा पाय त्यात अडकला. दुसरे अंगाबरोबर बसले. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, म्हणून तीन झबली लागतात.

27 जुलै

काल टाके काढले. प्रयोगशाळेचा अहवाल आला. गर्भाशयाच्या अस्तराची पुटीयुक्त (बारीक पिशव्या झालेली) वाढ आणि अंडाशयावरची पिशवी, असे त्यात लिहिले आहे. कर्करोग नाही.

हिशेब मांडला. चार वेळच्या साध्या तपासण्यांचे 1,600 धरून एकूण 27,020 रुपये झाले. त्यातले नायलॉनची जाळी आणि अंधाराचा प्रयोग मिळून 2,630 रुपये सरळ वाया गेले. दोन सोनोग्राफी आणि प्रोजेस्टेरॉनची तपासणी यांचे 4,700 रुपये, जानेवारीतच ऑपरेशन केले असते तर लागलेच नसते. वेळेचा हिशेब याहून वाईट आहे. 6 जानेवारी ते 16 जुलै या काळात सखू सात-आठ वेळा माजावर आली आणि प्रत्येक वेळी तिने अन्न टाकले. चक्र अनियमित का आहे, हे कळण्यासाठी वही उपयोगी पडली. पण ते कळण्याआधीही ऑपरेशन करता आले असते.

24 ऑगस्ट

शस्त्रक्रियेला एकोणचाळीस दिवस झाले. कालनिर्णयच्या ऑगस्टच्या पानावर फक्त 3 तारखेला एक रेघ आहे, घासण्याची. सासूबाईंनी ती प्रामाणिकपणे लिहिली, मी घाबरून डॉक्टरांना फोन केला. त्यांनी शेपटीची खूण तपासायला सांगितली, ती नव्हती. मांजर प्रेमानेही डोके घासते, हे आठ महिन्यांत आम्ही विसरलो होतो. वजन 3.8 किलो. जानेवारीपर्यंत नोंद चालू ठेवणार आहोत, कारण अंडाशयाचा अंश राहिला असेल तर तो उशिरानेही लक्षणे दाखवतो.

स्तनांची तपासणी मात्र कायमची राहणार. लहानपणी, पहिल्या वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या मांजरींना स्तनांच्या कर्करोगापासून मोठे संरक्षण मिळते. पाचव्या वर्षी केलेल्या ऑपरेशनाने ते तेवढे मिळत नाही, आणि सखूला तीन वर्षे इंजेक्शने मिळाली आहेत. डॉक्टरांनी दोन्ही बाजूंच्या स्तनांच्या रांगा काखेपासून जांघेपर्यंत बोटांच्या टोकांनी कशा चाचपायच्या, हे सासूबाईंना शिकवले आहे. तांदळाच्या दाण्याएवढी गाठ लागली तरी त्याच आठवड्यात दाखवायची आहे. पुढची तपासणी 20 सप्टेंबरला ठेवली आहे, कारण त्याआधी अनंत चतुर्दशीपर्यंत लालबागच्या गर्दीतून मांजराची पेटी घेऊन बाहेर पडता येणार नाही.